हाकाच्या मुळाशी: ऑकलंड ते वेलिंग्टन

रविवार, 7 सप्टेंबर 2025, ऑकलंड

आदल्या रात्री ईडन पार्कवर न्यूझीलंडने रग्बीत दक्षिण आफ्रिकेला 24–17 असे हरवले होते आणि पुढचा सामना येत्या शनिवारी वेलिंग्टनला होता. आमच्याकडे त्याच दुसऱ्या सामन्याची तिकिटे होती, आणि मधला आठवडा रस्त्याने दक्षिणेकडे जात, न्यूझीलंडचा रग्बी संघ ऑल ब्लॅक्स सामन्यापूर्वी जो हाका (माओरी या तिथल्या मूळ रहिवाशांचे घोष आणि पदन्यासांचे सामूहिक नृत्य) करतो त्याच्या मूळ जागा पाहायच्या, असे आम्ही मुंबईतच ठरवले होते. या प्रवासाला एक वादही कारणीभूत होता. ऑक्टोबर 2024 मध्ये इंग्लंडचा खेळाडू जो मार्लर याने हाका हास्यास्पद आहे, तो आता बंद करावा, असे जाहीरपणे लिहिले आणि मोठा गहजब झाला. माझे यजमान माधव कॉलेजात असताना मुंबईत, आझाद मैदानाला लागून असलेल्या जिमखान्याच्या मैदानावर, भर पावसाळ्यात रग्बी खेळलेले. मार्लरची भाषा त्यांना पटली नव्हती, पण मुद्दा पटला होता: एका संघाला सामन्याच्या तोंडावर अंग तापवायला आणि चेव आणायला वेळ मिळतो आणि दुसऱ्याने थंडीत उभे राहून तो नुसता पाहायचा, हे खेळाच्या न्यायात बसत नाही. मला मात्र हा प्रश्न केवळ खेळाच्या न्यायाचा वाटत नव्हता.

माझा मामेभाऊ सँडरिंगहॅममध्ये राहतो. आसपास भारतीय दुकाने आहेत आणि ईडन पार्क चालत जाण्याच्या अंतरावर आहे. 1994 पासून या मैदानावर ऑल ब्लॅक्स हरलेले नाहीत, हे त्याने चहा देता देताच सांगितले. त्याची अकरा-बारा वर्षांची मुलगी शाळेच्या कपा हाका, म्हणजे माओरी गाणी-नृत्ये करणाऱ्या, पथकात आहे. मराठी, सामोअन, चिनी, माओरी अशी सगळी मुले त्या पथकात एकत्र शिकतात. मी विचारल्यावर तिने दिवाणखान्यातली बैठक बाजूला सारली, पाय फाकवून गुडघ्यात वाकली आणि हात पुढे धरले. हातांचा तो कंप, ज्याला विरी म्हणतात, दूरचित्रवाणीवर मला नेहमी आवेशाचा भाग वाटत आला होता. इतक्या जवळून पाहिल्यावर लक्षात आले की तो अत्यंत ताब्यात ठेवलेला आहे: दंड स्थिर, बोटे जुळलेली, आणि तळव्याची थरथर इतकी बारीक आणि एकसारखी की बोटांच्या कडा धूसर दिसाव्यात. "आत्या, हा तानेरोरे आहे," ती म्हणाली आणि शाळेत शिकवलेली कथा तिने सांगितली. सूर्य तामा-नुई-ते-रा आणि ग्रीष्मकन्या हिने-राउमाती यांचा मुलगा तानेरोरे. कडक उन्हात जमिनीवरची हवा थरथरताना दिसते, ते त्याचे आईसाठी केलेले नृत्य, आणि हाताचा कंप ही त्याची आठवण. ज्याला बाहेरचे लोक सरसकट युद्धनृत्य म्हणून मोकळे होतात, त्याचे मूळ माओरी परंपरा अशा ठिकाणी सांगते. हाका पाहुण्यांच्या स्वागताला होतो, लग्नात होतो, पदवीदान समारंभात होतो, आणि मृताला निरोप देतानाही होतो. रणात शस्त्रे घेऊन करायचा तो पेरुपेरु हा त्यातला एक प्रकार. ऑल ब्लॅक्स मैदानावर करतात तो 'का माते' नावाचा हाका त्या प्रकारातला नाही.

हाका फक्त पुरुषांचा आहे, हाही समज त्या मुलीने मोडीत काढला. तिची आवडती मंडळी म्हणजे ब्लॅक फर्न्स, न्यूझीलंडचा महिला संघ. त्यांचा 'को उहिया माई' हा स्वतंत्र हाका आहे, आणि 2022 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात त्यांनी याच ईडन पार्कवर 42,579 प्रेक्षकांसमोर इंग्लंडला 34–31 असे हरवले, तेव्हा ती वडिलांच्या खांद्यावर बसून होती.

सोमवार, 8 सप्टेंबर, रोटोरुआ

'ते पुइया' या माओरी संस्कृती केंद्रात संध्याकाळचा कार्यक्रम पाहिला. गरम पाण्याच्या झऱ्यांची वाफ, गंधकाचा वास, उत्तम गायन, आणि शेवटी प्रेक्षकांतल्या पुरुषांना मंचावर बोलावून हाकाचे चार पदन्यास. जीभ बाहेर काढून डोळे वटारणाऱ्या पाहुण्यांचे फोटो निघाले आणि सगळे हसले. मला ते पाहवले नाही. तरीही, पर्यटकांपुढे हाका केल्याने तो बाटला असे म्हणायला मी तयार नाही, कारण इथल्या 'ते आरावा' या माओरी जमातीच्या लोकांनी एकोणिसाव्या शतकापासून पाहुण्यांना आपला प्रदेश दाखवत उपजीविका केली आहे आणि त्या उपजीविकेतूनच त्यांची गाणी व कोरीवकाम टिकले आहे. काय दाखवायचे आणि किती दाखवायचे हे ठरवणारे तेच आहेत, आणि माझ्या दृष्टीने महत्त्व त्यालाच आहे.

मंगळवार, 9 सप्टेंबर, रोटोआइरा सरोवर

टाउपोला वळसा घालून तुरांगीवरून आम्ही तोंगारिरोच्या पायथ्याशी आलो. डाव्या-उजव्या डोंगरांवर ढग होते, पण खाली रोटोआइराचे पाणी स्वच्छ दिसत होते, आणि त्यात झाडीने भरलेले मोतुओपुही बेट. काठावरच्या ओपोटाका या ऐतिहासिक जागी आम्ही गाडी थांबवली. गवत, जुन्या वस्तीच्या खाणाखुणा सांगणारे खड्डे-उंचवटे, आणि वारा. ज्या हाकाने जगभरातली मैदाने दणाणतात, त्याच्या जन्मस्थळी आमच्याखेरीज कोणीही नव्हते.

साधारण 1820 च्या सुमाराची गोष्ट. न्गाती तोआ जमातीचा प्रमुख ते राउपाराहा शत्रूंचा ससेमिरा चुकवत इथे आला आणि ते व्हारेरांगी या प्रमुखाकडे त्याने आसरा मागितला. ते व्हारेरांगीने त्याला कुमारा, म्हणजे रताळी, साठवण्याच्या खड्ड्यात उतरवले आणि आपली पत्नी ते रांगिकोआएआ हिला त्या खड्ड्याच्या तोंडावर बसवले. पाठलाग करणाऱ्यांबरोबर मंत्रविद्या जाणणारे होते, आणि त्यांच्या मंत्रांचे बळ स्त्रीच्या व अन्नाच्या सान्निध्यात विरते अशी श्रद्धा होती. वर पावले वाजत असताना खाली अंधारात तो माणूस पुटपुटत होता: का माते, का माते, आता मेलो, मेलो; आणि पावले दूर गेल्यावर: का ओरा, का ओरा, वाचलो, वाचलो. मग तो एकेक पायरी चढत उजेडात आला, आणि हाकाच्या शेवटच्या शब्दांत तो सूर्य आहे.

ही कथा मी आधी वाचलेली होती, परंतु त्या उघड्या माळावर उभे राहून ती पुन्हा आठवताना तिचा रोख मला नव्याने कळला. इथे कोणाला मारण्याची धमकी नाही. एक पळणारा माणूस, त्याला आसरा देण्याचे धाडस करणारा यजमान, आणि आपल्या अंगाने त्याच्यावर पाखर घालणारी एक स्त्री, यांची ही कथा आहे. 'का माते' हे दहशत घालण्यासाठी असते असे म्हणणाऱ्यांनी आणि त्याला नुसत्या मर्दुमकीचे गीत समजून जाहिरातीत वापरणाऱ्यांनी, दोघांनीही ते रांगिकोआएआला कथेतून वगळलेले आहे.

बुधवार, 10 सप्टेंबर, पामर्स्टन नॉर्थ

न्यूझीलंडचे रग्बी संग्रहालय या शहरात आहे, आणि माधव तिथे जवळजवळ दिवसभर रमले. हाका रग्बीत आला कसा, याचे उत्तर इथे मिळते आणि ते बरेच गुंतागुंतीचे आहे. 1888–89 मध्ये जो वॉरब्रिकने बांधलेला, बहुतांशी माओरी खेळाडूंचा 'नेटिव्ह' संघ ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर गेला, एकूण 107 सामने खेळला आणि त्यांतले 78 जिंकला. इंग्लंडमध्ये त्यांनी प्रेक्षकांपुढे हाका केला. त्यात आपली ओळख मिरवणे होते आणि तिकीटविक्रीचा हिशेबही होता. 1905 च्या ऑल ब्लॅक्सनी 'का माते' ब्रिटनभर नेला. त्यांच्या त्या दौऱ्यातली एक घटना मला सर्वांत मोलाची वाटते. 16 डिसेंबर 1905 रोजी कार्डिफला हाका संपताच वेल्सच्या खेळाडूंनी आपले राष्ट्रगीत गायला सुरुवात केली, आणि सगळे मैदान त्यात सामील झाले. खेळाच्या सामन्यापूर्वी राष्ट्रगीत म्हणण्याची प्रथा तिथून सुरू झाली असे सांगितले जाते. वेल्सने तो सामना 3–0 असा जिंकला. म्हणजे हाकाला प्रत्युत्तर देणे ही आधुनिक आगळीक नव्हे. ते जवळजवळ हाकाइतकेच जुने आहे.

त्यानंतर कित्येक दशके ऑल ब्लॅक्स हाका करत ते प्रामुख्याने परदेशी, आणि करत तेही कसेबसे. 1973 चे बार्बेरियन्स या निमंत्रितांच्या संघाविरुद्धचे चित्रण पाहिले तर हात एकीकडे, पाय दुसरीकडे आणि चेहऱ्यावर संकोच. बहुसंख्य गोऱ्या खेळाडूंना आपण काय म्हणतो आहोत हे कोणी समजावलेच नव्हते. हे बदलले ते बक शेल्फर्ड आणि हिका रीड या माओरी खेळाडूंच्या आग्रहामुळे: करायचा तर नीट शिकून करायचा, नाहीतर करायचाच नाही. 1987 च्या विश्वचषकापासून तो मायदेशीही नियमाने होऊ लागला. परंपरेचे आजचे रूप चाळीस वर्षांइतकेही जुने नाही, असा युक्तिवाद हाकाविरोधक करतात, आणि तारखा त्यांच्या बाजूच्या आहेत. पण ज्या चाळीस वर्षांत एका देशाने आपल्या मूळ रहिवाशांचा विधी शिकून घेण्याची तसदी घेतली, तीच वर्षे कमी महत्त्वाची कशी ठरतील, हे मला कळत नाही.

माधवांशी खरा वाद झाला तो संध्याकाळी जेवताना. त्यांचे म्हणणे, समोरच्याला बांधून ठेवायचे आणि आपण ललकारायचे, यात बरोबरी कुठे आहे? मी त्यांना कोल्हापूरच्या आखाड्याची आठवण दिली. तिथे एक मल्ल शड्डू ठोकतो तेव्हा दुसरा हात बांधून उभा राहत नाही, तोही मांडीवर थाप मारतो, आणि म्हणूनच शड्डू कोणाला अन्याय वाटत नाही. माओरी रीतीतही आव्हान हे उत्तर मागणारेच असते. उत्तर देताना मैदानाची मध्यरेषा ओलांडायला बंदी घातली ती रग्बीच्या कारभाऱ्यांनी. 2007 मध्ये कार्डिफला फ्रान्सचे खेळाडू तिरंगी बंड्या घालून हाकाच्या अगदी नाकासमोर उभे राहिले आणि 20–18 असे जिंकले. तो प्रसंग लोक अजून सांगतात. 2011 च्या अंतिम सामन्यात हेच फ्रेंच बाणाच्या आकारात चालत मध्यरेषेपलीकडे गेले, तेव्हा त्यांना 2,500 पाउंड दंड झाला. 2019 मध्ये योकोहामाला इंग्लंडने इंग्रजी व्ही अक्षरासारखी रचना करून हाकाला घेरले, सामना 19–7 असा जिंकला आणि 2,000 पाउंड भरले. गंमत नव्हे, खेदाची गोष्ट ही की न्यूझीलंडचे तेव्हाचे प्रशिक्षक स्टीव्ह हॅन्सन यांनी इंग्लंडच्या त्या प्रत्युत्तराचे मनापासून कौतुक केले होते. ज्यांचा हाका त्यांची तक्रार नव्हती. दंड तिसऱ्यानेच केला.

गुरुवार, 11 सप्टेंबर, ओटाकी

रांगिआतेआ हे इथले देऊळवजा चर्च आम्ही पाहिले. मूळ वास्तू 1995 मध्ये जळून गेली आणि 2003 मध्ये तशीच पुन्हा उभी राहिली. पलीकडे ते राउपाराहाचे स्मारक आहे आणि समुद्रात कापिती बेट, जिथून त्याने आपली सत्ता चालवली. 1846 मध्ये गव्हर्नर ग्रे यांच्या हुकुमावरून त्याला पोरिरुआजवळ पकडले, आणि खटला न चालवता सुमारे दीड वर्ष अडकवून ठेवले. 1849 मध्ये तो ओटाकीतच वारला.

त्याच्याविषयी आदराने लिहिताना दुसरी बाजू टाळता येत नाही. 1830 मध्ये 'एलिझाबेथ' या ब्रिटिश जहाजाच्या पोटात आपले योद्धे लपवून तो दक्षिण बेटावरच्या आकारोआला गेला, न्गाई ताहू जमातीच्या प्रमुखाला दगलबाजीने पकडले आणि ताकापुनेके हे गाव बेचिराख केले. त्यानंतर काइआपोईचा गडही पडला. ज्यांच्या पूर्वजांनी हे सोसले त्या दक्षिणेतल्या माओरींना 'का माते' राष्ट्राचे गीत म्हणून ऐकताना काय वाटत असेल, हा प्रश्न मार्लरच्या प्रश्नापेक्षा कितीतरी खोल आहे. 27 ऑगस्ट 2005 रोजी ऑल ब्लॅक्सनी डेरेक लार्डेली यांनी रचलेला 'कपा ओ पांगो' हा नवा हाका पहिल्यांदा केला तो डनिडिनला, न्गाई ताहूंच्याच भूमीत. त्याच्या शेवटी गळ्यावरून हात फिरवण्याची जी खूण होती तिच्यावरून जगभर टीका झाली. लार्डेली यांचे स्पष्टीकरण असे की ती गळा चिरण्याची खूण नसून हृदय आणि फुप्फुसांत प्राणशक्ती ओढून घेण्याची आहे. मला ते पटते. तरी हजारो लोकांसमोर करायच्या खुणेचा उघड अर्थ कसा घेतला जाईल याचा विचार आधी व्हायला हवा होता, असेही वाटते. एक गोष्ट मात्र नक्की: ज्या समाजाने आपल्याच हयातीत नवा हाका रचून घेतला, त्याची परंपरा संग्रहालयात ठेवण्यासारखी झालेली नाही.

शुक्रवार, 12 सप्टेंबर, पोरिरुआ आणि वेलिंग्टन

पोरिरुआ हा न्गाती तोआंचा प्रदेश. 'का माते' आमच्या पूर्वजाची रचना आहे, हे कायद्याने मान्य करून घेण्यासाठी ही जमात वर्षानुवर्षे झगडली, आणि अखेर 2014 मध्ये त्यासाठी खास कायदा झाला. व्यापारी प्रकाशनात, प्रसारणात किंवा चित्रपटात हा हाका वापरला तर ते राउपाराहाचे नाव द्यावेच लागते. पैसे मागण्याचा किंवा मनाई करण्याचा अधिकार मात्र त्यात नाही. 2006 मध्ये एका इटालियन मोटार कंपनीच्या जाहिरातीत बायकांनी गाडीभोवती हाका केल्याचे दाखवले होते. तसे आज पुन्हा झाले तरी श्रेय देण्यापलीकडे हा कायदा फारसे काही करू शकत नाही. नोव्हेंबर 2021 मध्ये लसविरोधी मोर्चांत 'का माते' होऊ लागला, तेव्हा न्गाती तोआंनी स्पष्ट शब्दांत तो थांबवायला सांगितले. त्यांच्या पूर्वजांनी साथीच्या रोगांत पुष्कळ माणसे गमावली होती. जीव वाचल्याचे गीत जीव धोक्यात घालणाऱ्या मागणीसाठी वापरले जाणे त्यांना सहन होणे शक्य नव्हते.

दुपारी आम्ही वेलिंग्टनला संसदेसमोर उभे होतो. 14 नोव्हेंबर 2024 रोजी इथल्या सभागृहात हाना-राव्हिती मायपी-क्लार्क या तरुण सदस्येने ब्रिटिश राजसत्ता आणि माओरी प्रमुख यांच्यातल्या 1840 च्या वैतांगी कराराच्या तत्त्वांचा नवा अर्थ लावू पाहणाऱ्या विधेयकाची प्रत फाडली आणि 'का माते' सुरू केला. पाच दिवसांनी हजारो लोकांचा मोर्चा याच पायऱ्यांपर्यंत आला. त्याच आठवड्यात तुरिनला इटलीविरुद्ध टीजे पेरेनारा याने हाकाचे नेतृत्व करताना त्या करारासंबंधीचे शब्द आरंभी म्हटले, आणि खेळात राजकारण आणले म्हणून त्याच्यावर टीका झाली. मला ती टीका उथळ वाटते. मैदानावरचा हाका देशाचे बोधचिन्ह म्हणून मिरवायचा, त्याच्या जोरावर जर्सी आणि प्रक्षेपणाचे हक्क विकायचे, आणि तो रचणाऱ्यांच्या वंशजांचा जमिनीचा प्रश्न निघाला की हा फक्त खेळ आहे म्हणायचे, असे चालणार नाही. हाका हवा असेल तर त्याची माणसेही हवीत.

शनिवार, 13 सप्टेंबर, वेलिंग्टन

बंदराजवळच्या गोल मैदानावर वारा असा झोंबत होता की माधवांनी मफलर दोनदा गुंडाळला. राष्ट्रगीते झाली. दक्षिण आफ्रिकेचे खेळाडू एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून ओळीत उभे राहिले आणि नजर न हटवता पाहू लागले. आमच्या शेजारी हिरव्या जर्सीतले जोडपे होते. हाका सुरू होताच त्यांनी बोलणे थांबवले आणि तो संपेपर्यंत दोघेही उभे राहिले. मागच्या वर्षी जोहान्सबर्गला एलिस पार्कवर हाका चालू असताना वरून विमान गेले आणि ध्वनिक्षेपकावर संगीत वाजले, त्याबद्दल त्यांच्या रग्बी संघटनेला माफी मागावी लागली होती. त्या गृहस्थांनी तो विषय स्वतःच काढला. घरी पाहुण्याचे बोलणे तोडल्यासारखे ते झाले, असे ते म्हणाले. आव्हानाचा मान कसा ठेवायचा हे त्या निश्चल ओळीला आणि या दोघांना ठाऊक होते.

मध्यंतराला न्यूझीलंड 10–7 असे पुढे होते. उत्तरार्धात दक्षिण आफ्रिकेने 36 गुण केले, न्यूझीलंडला एकही करता आला नाही, आणि 43–10 हा ऑल ब्लॅक्सच्या इतिहासातला सर्वांत मोठा पराभव ठरला. हाकामुळे फायदा मिळतो हा मुद्दा माधवांनी परतताना स्वतःहून मागे घेतला. एका सामन्यावरून काही सिद्ध होत नाही, असे मीच त्यांना सांगितले. 1905 चा वेल्स, 2007 चा फ्रान्स, 2016 मध्ये शिकागोला आपला दिवंगत माजी खेळाडू अँथनी फोली याच्यासाठी आठच्या आकड्यात उभा राहून 40–29 असा जिंकलेला आयर्लंड, 2019 चा इंग्लंड, हे सगळे मिळून मात्र काही सांगतात. हाका रग्बीत राहावा की नाही, यावर आमचे आता एकमत आहे: राहावा, आणि 'का माते' कुठे, कसा व्हावा याचा शेवटचा शब्द न्गाती तोआंचा असावा. दंडाच्या नियमावरही एकमत झाले. मध्यरेषेची अट वर्ल्ड रग्बी या खेळाच्या जागतिक संघटनेने काढून टाकावी आणि किती जवळ यायचे, काय उत्तर द्यायचे, हे दोन संघांवर सोपवावे. आमचा मतभेद उरला तो फक्त वेळेचा: प्रत्युत्तराला किती सेकंद द्यावेत. माधव तीस म्हणतात. माझ्या मते समोरचा संघ एखादे गीत म्हणणार असेल तर ते पूर्ण होईपर्यंत पंचांनी शिट्टी वाजवू नये.